डावीकडचा ब्रेक

टेपचं टोक मोरीच्या कठड्यापाशी दगडाखाली दाबून ती रस्त्याच्या कडेने मागे मागे चालत गेली. चौदा मीटर ऐंशीवर चाकांची पहिली खूण सापडली. तिथून दोन समांतर रेघा गवत आडवं पाडत चरापर्यंत आणि चरातून कठड्यापर्यंत गेल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसली आणि डांबरावरून तळहात फिरवला. हाताला थोडी वाळू लागली. रबर घासल्याचा काळा डाग कुठेही नव्हता. रस्ता उजवीकडे वळला होता आणि गाडी सरळ गेली होती.

कुत्रं आडवं आलं, असं बाबा म्हणाले होते. ब्रेक पूर्ण दाबला होता, असंही म्हणाले होते.

तिने वहीत आकडा लिहिला आणि टेप गुंडाळायला लागली.

"मोजून आता काय होणार?" मागून आवाज आला. रस्त्यापलीकडच्या नर्सरीची मालकीण हातातली माती झटकत उभी होती. "मास्तरांच्या कन्या ना तुम्ही? नाक तेच आहे."

"हो."

"लागलं नाही ना फार कुणाला?"

"नाही. बाबांचा पाय मुरगळलाय. तुम्ही पाहिलंत का होताना?"

"आवाज ऐकून धावले. तोवर दोघंही बाहेर. बाई कठड्यावर बसलेल्या आणि मास्तर गाडीत डोकं घालून सीटपाशी काहीतरी खुडबुड करत होते. मी म्हटलं, मास्तर, आधी बाईंना पाणी द्या, गाडी कुठे पळून जात नाही." ती जरा जवळ आली. "सांगू का? हल्ली त्यांचं काही खरं नाही. रोज चारला इथून जातात, बाईंना घेऊन. काय तो वेग! गेल्या आठवड्यात माझी कुंड्यांची हातगाडी त्यांच्या पुढे गेली. ऊन काचेवर असतं, आत कोण हसतंय की रडतंय काही दिसत नाही, पण पूर्वी हॉर्न तरी द्यायचे. आता तेही नाही."

"म्हणजे त्यांना तुम्ही दिसत नसाल?"

"मी असं कुठे म्हटलं?" नर्सरीवालीने ओठ मुडपले आणि ती कुंड्यांकडे परतली. म्हणायचं ते तिचं म्हणून झालं होतं.

गाडीत बसताना फोन वाजला. दादा होता.

"काय दिसलं?"

"अजून बघतेय."

"अगं, बघायचं काय त्यात? डुलकी लागली, नाहीतर चक्कर आली. भरदिवसा, मोकळ्या रस्त्यावर, समोर कोणी नाही, आजूबाजूला कोणी नाही. आज कठडा होता, उद्या माणूस असेल. चावी काढून घे आणि दोघांना इकडे पाठव. तुझ्या वहिनीने खोली आवरलीय. पडदेसुद्धा लावलेत."

"आईला विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? गाडीशिवाय त्या टेकडीवर राहणार कसे? दुकान सहा किलोमीटर, दवाखाना नऊ." तो थांबला. "तू सांग त्यांना. माझं नाव काढलं की बाबांच्या कानाला दडे बसतात. तुझं ऐकतील. फक्त संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे मी उद्या गाडी पाठवतो."

ते तिचं ऐकतील, हे खरं होतं. तिच्या प्रयोगशाळेत तुटलेले दांडे, तडकलेली चाकं, दात गेलेले गिअर येत आणि ते का तुटले हे ती शोधून काढत असे. घरात कुठलाही वाद तिच्यापाशी येऊन मिटे, कारण ती अंदाजाने बोलत नाही असं सगळ्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. टेकडीवरचं घर राहणार की बंद होणार, हे आता ती संध्याकाळी काय सांगते यावर होतं. बाबांनी तिला सरळ तोंडावर खोटं सांगितलं होतं. तसं त्यांनी पूर्वी कधी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

गॅरेजमध्ये गाडी एका कोपऱ्यात उभी होती. बंपर आत गेलेला, डावा दिवा फुटलेला. मेकॅनिक बाबांच्या हाताखाली शिकलेला होता. गावात चारचाकी चालवणारी निम्मी माणसं मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून बाहेर पडलेली होती.

"ताई, आधीच सांगतो," तो हात पुसत म्हणाला, "ब्रेकचं काम मी केलंय, दोन महिन्यांपूर्वी. संशय घ्यायला आल्या असाल तर घ्या, पण आधी चहा घ्या."

"दोन्ही घेते."

तो हसला, पण चाकं उतरवताना तिच्याकडे अधूनमधून बघत होता. पॅड नवे होते. ऑइल खुणेपर्यंत होतं, नळी कुठे पाझरत नव्हती. तिने स्वतः आत बसून पेडल दाबलं. ते अर्ध्यावर येऊन घट्ट थांबलं.

"ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"मग?" त्याचे खांदे सैल पडले. "मास्तर काय म्हणतात?"

"पूर्ण दाबला होता म्हणतात."

मेकॅनिकने मान खाली घातली. "ताई, लहान तोंडी मोठा घास होईल. पण हे पेडल पूर्ण दाबलं असतं तर गाडी कठड्याच्या चार हात अलीकडे उभी राहिली असती. ब्रेकला उशीर केला म्हणून त्यांनी मला एकदा थोबाडीत मारली होती. त्यांच्याकडून असं कसं होईल?"

ती उठली नाही. सीट अगदी मागे सरकवलेली होती आणि तिला बरोबर बसत होती. उंची तिने बाबांकडून घेतली होती. तिने सवयीने आरशात पाहिलं. मागचा रस्ता दिसायला हवा होता. दिसत होतं मागच्या सीटचं कव्हर.

"धक्क्याने हलला असेल," मेकॅनिक म्हणाला.

"असेल."

उजवीकडच्या बाहेरच्या आरशात नुसती जमीन दिसत होती. तिने एका बोटाने तो हलवून पाहिला. घट्ट होता. दोन आरसे, दोन वेगवेगळ्या जागी बसवलेले, आणि दोन्ही सारखेच खाली झुकलेले. तिने सीट पुढे ओढली आणि हळूहळू पाठ घसरवत गेली. एका जागी आल्यावर दोन्ही आरशांत मागचं फाटक एकदम नीट दिसलं. तिची हनुवटी स्टिअरिंगच्या वरच्या कडेला आली होती.

"चक्कर आली का, ताई?"

"नाही."

ती उतरून डावीकडे गेली. त्या सीटसमोरची रबरी चटई एका जागी फाटली होती आणि खालचा गालिचा दाबला जाऊन पत्र्याला चिकटला होता. तिने टेप लावली. टाचेची रुंदी सात सेंटिमीटर. आईच्या चपला लहान मुलीच्या वाटाव्यात अशा होत्या.

मेकॅनिक वाकून बघत होता. त्याचा चेहरा बदलला.

"शाळेच्या गाडीत इथेच होता," तो म्हणाला. "मास्तरांचा ब्रेक. आम्ही घामाघूम, आणि ते डावीकडे बसून गाणं गुणगुणत. पाय मात्र कायम त्यावर. आपल्याला वाटायचं आपणच थांबवली गाडी." मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हात पुसायला घेतले.

"ही मोडतोड कुणाला दाखवू नका," ती म्हणाली.

"मी काही पाहिलंच नाही," तो म्हणाला, आणि चटई उचलून त्याने घडी घालून बाकाखाली टाकली.

टेकडीवर जाताना तिने दोनदा गाडी हळू केली. कोण चालवत होतं हे कळलं होतं, पण त्याने तिचा संशय कमी झाला नव्हता. एक खोटं बाहेर काढल्यावर त्याच्या मागे आणखी काय आहे हे बघावंच लागतं. दोघं ठरवून बोलत होते. दवाखान्यातून आल्यापासून एकाने कुत्रं म्हटलं की दुसरी मान हलवत होती. चाळीस वर्षांत एकमेकांच्या बोलण्यावर त्यांचं एकदाही एकमत झालेलं तिने ऐकलं नव्हतं.

बाबा उघड्या अंगाने बसले होते, उजवा पाय गरम पाण्याच्या बादलीत. शेजारी आई शेंगा सोलत होती.

"झाली तपासणी?" बाबा म्हणाले. "पंचनामा केलास? कुत्र्याची जबानी घेतलीस?"

"कुत्रं सापडलं नाही."

"पळालं असेल. शहाणं होतं."

ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. त्यांच्या डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीपर्यंत जांभळा वळ तिरका उतरला होता.

"बाबा, सीटबेल्टचा वळ डाव्या खांद्यावर आहे."

बाबांनी खांद्याकडे असं पाहिलं, जणू तो कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिला होता.

"चालवणाऱ्याचा उजव्या खांद्यावर येतो."

आईचे हात थांबले. "मी सांगत होते," ती बाबांना म्हणाली, "शर्ट घाला. शर्ट घाला म्हणून सकाळपासून सांगत होते."

"उकडतंय मला."

"आता काय होतंय?" आई म्हणाली.

बाबांनी पाय बादलीतून काढला, पुन्हा आत ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं, क्रमाने, शिकवायचे तसंच. थंडीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. काचबिंदू. उजव्या डोळ्याच्या नजरेची बाहेरची कड गेलीय, फक्त कड. त्याच दिवशी घरी येताना त्यांनी रिक्षा केली, आणि तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दुसऱ्या आठवड्यात आईने शिकाऊ परवाना काढला. रोज चार ते पाच.

"आणि एलची पाटी?"

बाबांनी आईकडे पाहिलं.

"पाटी लावली असती तर नर्सरीवालीने गावभर केलं असतं," आई म्हणाली. "मास्तरांची बायको शिकतेय म्हणजे मास्तरांना काय झालं?"

"चौतीस वर्षं," बाबा म्हणाले, "पाटी नसेल तर मी माणसाला गाडीतून खाली उतरवत होतो." सगळ्या प्रकरणात त्यांना लाज वाटत होती ती एवढ्याचीच.

"ब्रेक दाबला म्हणालात."

"दाबला होता. पूर्ण." ते पाण्यातल्या पायाकडे बघत होते. "पायाच्या लक्षातच आलं नाही की तिथे काही नाही."

"चूक माझी आहे," आई पटकन म्हणाली. "वळण आलं आणि मी गडबडले."

"होतं असं. शिकणाऱ्याचं होतं," बाबा म्हणाले. मग मुलीकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला, आई तीन हातांवर बसलेली असून. "दादाला माझं नाव सांग. कुत्रं म्हण, डुलकी म्हण, काय वाटेल ते म्हण. चौसष्टाव्या वर्षी शिकायला निघाली आणि गाडी ठोकली, हे तिने सुनेच्या घरी बसून रोज ऐकायचं का?"

"तुमचं नाव सांगितलं तरच सुनेच्या घरी बसायची वेळ येणार आहे," आई म्हणाली. "मास्तर झाले, पण एवढा हिशेब येत नाही." ती शेंगांचं भांडं घेऊन आत गेली.

ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. आईने नळ सोडला होता आणि धुतलेलंच भांडं पुन्हा धुवत होती.

"आई."

"चहा टाकू का?"

"गवतातली रेघ सरळ आहे."

"कसली रेघ?"

"चाकांची. मी मोजली. गडबडलेला माणूस स्टिअरिंग इकडेतिकडे करतो. रेघ वाकडी येते. तुझी पट्टीने ओढल्यासारखी आहे." तिने नळ बंद केला. "तुला वळण दिसत होतं."

आईने मागे वळून दाराकडे पाहिलं. बाहेर बादलीत पाणी हलल्याचा आवाज आला. ती ओट्याला टेकली.

"ते सांगतात आणि मी करते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "असंच शिकलेय मी. रोज त्या वळणाआधी विजेचा खांब आला की म्हणतात, 'आता उजवीकडे, हळू हळू.' गेला महिना ते उशिरा म्हणायला लागलेत. आधी खांबाशी, मग खांब गेल्यावर. मला शंका आली. विचारलं तर म्हणाले, मुद्दाम, तुझी तुला सवय व्हावी म्हणून."

"मग?"

"त्या दिवशी खांब मागे गेला. बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे उघडे, समोर बघतायत. म्हटलं, एक सेकंद थांबू. म्हणतात का बघू. एकच सेकंद." तिने पदराला हात पुसले. "वेग तीसचा असेल. तीसला एका सेकंदात किती जाते गाडी?"

"आठ मीटर. थोडी जास्तच."

"म्हणजे किती?"

तिने भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिलं. "हे स्वयंपाकघर तीनदा."

"एवढी?" आई खरोखर चकित झाली होती. "मला कोणी सांगितलं नाही."

 मुलगी मनात कोन काढत होती. खांबापासून वळण पंचवीस-तीस मीटर पुढे, मधल्या रेषेपासून जेमतेम दहा-बारा अंश बाजूला. ते ज्याला दिसत नाही, त्याची नुसती कड गेलेली नसते.

"पाय कधी दाबला त्यांनी?" तिने विचारलं.

"चाक चरात उतरल्यावर. गाडी हलली तेव्हा."

"बोलण्याच्या नादात असतील."

"बोलत नव्हते. तुला सांगितलं ना." आईने तिचा दंड धरला. हात ओला होता. "त्यांना वाटतंय माझं चुकलं. वाटू दे. तीन दिवस मला धीर देतायत, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं म्हणून. काल रात्री माझ्यासाठी वळणाचं चित्र काढून दिलं, कागदावर, बाण-बिण घालून. तू दादाला माझंच नाव सांग."

"आणि पुढे? तू चालवणार?"

"ते सांगतील म्हणून थांबणार नाही आता," आई म्हणाली. "पण ते शेजारी असले की माझा कान तिकडेच जातो. काय करू? चाळीस वर्षांची खोड आहे."

फोन वाजला तेव्हा चहा गाळून झाला होता. बाबा पाय पुसून आत येत होते. दारातल्या स्टुलाला ते धडकणार, तेवढ्यात आईने ते पायाने बाजूला सारलं, बशा मांडत असतानाच, खाली न बघता. ते किती सहज झालं ते तिने पाहिलं. आज पहिल्यांदा होत नव्हतं ते.

"हं, सांग," दादा म्हणाला.

तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गाडीत दोष नाही. चूक चालवणाऱ्याची आहे."

"मी म्हटलंच होतं. बाबांना समजावलंस का?"

"बाबा चालवत नव्हते. आई चालवत होती."

 बाबांनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीवरचा शर्ट ओढून घालायला लागले.

"आई?" दादा म्हणाला. "आपली आई?"

"दुसरी आहे का रे तुला?" आई कपात साखर ढवळत म्हणाली.

"बाबांचे डोळे बरे नाहीत. त्यांनी थंडीपासून चालवणं सोडलंय, आपणहून. तेव्हापासून आई शिकतेय. परवाना आहे. वळणावर चुकली." जे सांगितलं ते सगळं खरं होतं. "चावी कुणाकडून काढून घ्यायची, ते आता तूच सांग."

"अगं, पण हे जास्तच... म्हणजे तिचं वय..." तिकडे वहिनीचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, आणि दादा म्हणाला, "ही म्हणतेय, तिलाही शिकायचंय." तो वैतागला होता की हसत होता, कळत नव्हतं. "आणि त्यांची गाडी दुरुस्त होईपर्यंत?"

"दर रविवारी मी येईन. माझ्या गाडीवर शिकेल. पाटी लावून. परीक्षेला जाईपर्यंत सामानही मीच आणून टाकेन." मग ती बाबांकडे वळली. हे वाक्य तिने चहा उकळेपर्यंत तीनदा जुळवलं होतं, आणि त्याच्यापुढे ठेवायला एक कारणही, कुणाला न लागणारं: गाडी माझी आहे, तिचा क्लच वेगळा आहे, आईला एकदा दुसऱ्या माणसाची पद्धत कळू दे. "बाबा, आईच्या शेजारी मी बसेन."

आईने चमचा बशीत ठेवला.

बाबा शर्टाची बटणं लावत होते. खालून वर. मधल्या एका बटणाशी त्यांची बोटं थांबली, काज शोधत राहिली, सापडलं. तुला शिकवता येतं का, असं ते विचारतील, तुला मीच शिकवलंय म्हणतील, निदान तोंड तरी वाकडं करतील, असं तिला वाटलं होतं. सबंध आयुष्यात ते शिकणाऱ्या माणसाच्या शेजारी सोडून दुसरीकडे कुठे बसले नव्हते.

"मी मागे बसेन," बाबा म्हणाले.

का, ते त्यांनी विचारलं नाही. आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते शेवटचं बटण लावत होते.

"हॅलो?" दादा म्हणाला. "आहात ना सगळे?"